मोठा गट बाहेर बसतो

बाई, तुमची बिल्डिंग पाडली. भाईंदर पश्चिमेला तुमच्या त्या गल्लीत आता एक टॉवर उभा राहतोय, हिरव्या जाळीत गुंडाळलेला. त्याच्या पायथ्याशी काचेचं एक ऑफिस आहे आणि त्यात एक मुलगी दिवसभर एसीत बसून मोबाइल बघत असते. मी रोज दुपारी तिच्यासमोरून जातो. रिटायर झाल्यापासून पलीकडच्या गल्लीतल्या एका क्लासमध्ये मी बीएस्सीच्या मुलांना ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवतो. घरून, बेव्हर्ली पार्कहून, रिक्षा करतो, पण क्लासच्या दारापर्यंत कधी जात नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरतो आणि तिथून चालत जातो. एकदा रिक्षावाला म्हणालाही, "चाचा, अंदर तक छोड देता हूँ ना." त्याला काय सांगणार? काही नाही म्हटलं आणि उतरलो.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही मला ओळखाल की नाही अशी शंका येते. केस गेलेत, पोट आलंय, चष्म्याचा नंबर विचारू नका. खूण सांगतो. सगळं कॉलेज तुम्हाला मॅडम म्हणायचं आणि मी एकटा बाई म्हणायचो. गावच्या मराठी शाळेतून आलेलो, शिकवणारी स्त्री म्हणजे बाई, एवढंच मला ठाऊक. पहिल्याच आठवड्यात मी उभा राहून "बाई, परत सांगता का?" असं विचारलं आणि अख्खा वर्ग हसला. तुम्ही डस्टर टेबलावर ठेवलंत. "हसायला काय झालं? बाईच आहे मी. आणि त्याला जे कळलं नाही ते तुमच्यातल्या एकालाही कळलेलं नाहीये, पैज लावते." पुढं तीन वर्षं मी बाईच म्हणत राहिलो. अजूनही मनात तुमच्याशी बोलतो तेव्हा बाईच म्हणतो, आणि अलीकडे जरा जास्तच बोलतो. घरात बोलायला दुसरं कुणी नाही.

कॉलेजातले रेणूंचे प्लास्टिकचे मॉडेल विभागप्रमुखांच्या कपाटात कुलपात असायचे, तपासणी आली की पुसून बाहेर काढायचे आणि तपासणी गेली की पुन्हा आत. तुम्हाला त्याचा फार राग. म्हणून रविवारी सकाळी आम्हा इकडच्या चार-पाच मुलांना तुम्ही घरी बोलवायचात, थेट स्वयंपाकघरात. आई मला रिकाम्या हातानं येऊ द्यायची नाही. आमच्या मिठागराचं जाडं मीठ पिशवीत बांधून द्यायची, आणि परत आल्यावर पहिला प्रश्न, "बाईंकडं काय खाल्लंस का न्हाय?" ते मीठ तुम्ही मूठभर कणकेत घालायचात. मीठ जास्त पडलं की गोळे घट्ट राहतात म्हणायचात. सहा गोळे म्हणजे सहा कार्बन, त्यांना जोडायला खराट्याच्या सहा काड्या, आणि पुस्तकात जमिनीवर पडलेल्या चकतीसारखी दिसणारी ती सायक्लोहेक्झेनची रिंग तुमच्या ओट्यावर खुर्ची होऊन उभी राहायची. एक टोक वर, एक टोक खाली. मग प्रत्येक गोळ्याला आणखी दोन काड्या. एक सरळ उभी, वर नाहीतर खाली, ती ॲक्झियल. दुसरी बाहेरच्या बाजूला जराशी तिरकी, ती इक्वेटोरियल. उभी काडी कुणी वाकडी खोचली की तुम्ही त्याच्या मनगटावर चापट द्यायचात. "उभी म्हणजे उभी. देवळाच्या खांबासारखी. तुझी ही दारू पिऊन आलीय."

मग तुम्ही भाजीच्या टोपलीतून लिंबू काढायचात. ते म्हणजे टर्शरी ब्युटाइल, एका कार्बनला तीन मिथाइल लटकलेले, अंगानं दांडगा गट. "बसवा याला उभ्या काडीवर," तुम्ही म्हणायचात, आणि आम्ही बसवलं की ते लिंबू त्याच बाजूच्या दुसऱ्या दोन उभ्या काड्यांना जाऊन भिडायचं. काड्या वाकायच्या आणि सगळी खुर्ची ओट्यावर कलंडायची. मग तुम्ही रिंग पलटवायचात. वरचं टोक खाली दाबायचं, खालचं वर उचलायचं, आणि मग उभ्या काड्या बाहेर जायच्या आणि बाहेरच्या उभ्या व्हायच्या. एखादी निसटायची, ती ओल्या बोटानं परत लावायची. लिंबू आता बाहेर आलेलं असायचं. कुणाला भिडत नाही, कुणाला टोचत नाही, खुर्ची गुमान उभी. "बघा कसा ऐसपैस बसला," असं म्हणून तुम्ही ते लिंबू उपटायचात, कापायचात आणि आमच्या पोह्यांवर पिळायचात. टर्शरी ब्युटाइल पिळून पोहे खाल्लेली माणसं जगात किती असतील कोण जाणे, पण मी त्यातला एक.

तुमची बोलणीही एकदा खाल्ली होती, ती आठवतात. ट्यूटोरियलमध्ये मी लिहिलं होतं की मोठा गट आला की रिंग लॉक होते. तुम्ही सगळ्यांसमोर तो कागद वर धरलात. "कुणी कुलूप लावलं हिला? तू लावलंस? रिंग अजूनही पलटते. क्षणभर पलटते आणि परत येते, कारण तिकडं राहणं तिला परवडत नाही. जाता येत नाही आणि जाणं जड जातं यात फरक आहे. हा फरक ज्याला कळत नाही त्यानं केमिस्ट्री सोडून किराणा दुकान काढावं." मी लाल झालो. संध्याकाळी वडिलांना मिठागरावर डबा द्यायला गेलो तरी कान गरम होते. पुढं मी स्वतः शिकवायला लागलो तेव्हा लॉक लिहिणाऱ्या प्रत्येक पोराला तुमचंच वाक्य ऐकवलं, किराणा दुकानासकट. आता किराणा दुकानवाल्यांची मुलंच जास्त येतात, म्हणून तेवढं गाळतो.

माझं पुढचं थोडक्यात सांगतो. एमएस्सी केली, एका कॉलेजात लागलो, तिथंच रिटायर झालो. मिठागर गेलं, भावांत वाटे झाले आणि माझ्या वाट्याला बेव्हर्ली पार्कातला हा फ्लॅट आला. लग्न झालं, एक मुलगी झाली. सहा वर्षांपूर्वी बायको गेली. ती गेल्यावर नातेवाईक म्हणाले की आता याचं कसं होणार, पुरुषमाणूस, याला चहासुद्धा येत नाही. मी सगळं शिकलो. चहा, भात, वरण, दोन-तीन भाज्या, वॉशिंग मशीन. औषधं माझी मी घेतो. मुलीला कधी पाण्याचा ग्लास मागितला नाही. संध्याकाळी गॅलरीतल्या खुर्चीत बसायचं, पेपर वाचायचा, खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा आरडाओरडा ऐकायचा. सोसायटीत कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायचो, "माझा कुणाला त्रास नाही. मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." ही माझी फुशारकी होती बाई, आणि मला ती फार आवडायची.

मुलगीही केमिस्ट झाली. औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होती, अंधेरीकडे. तिशी ओलांडली, लग्नाचं म्हणाल तर तिला विचारायची माझी छाती नाही. गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर, एका रविवारी सकाळी आम्ही दोघं टेबलाशी मेथी निवडत बसलो होतो. ती मान वर न करता म्हणाली, "पप्पा, ते हैदराबादचं मी नाही म्हटलं."

"कुठलं हैदराबादचं?"

"आमच्या तिकडच्या रिसर्च टीममध्ये बोलवत होते. माझ्या बॉसनी नाव दिलं होतं. तुम्हाला बोलले नव्हते. आता नाहीच म्हटलंय, म्हणून सांगते."

गेली चार वर्षं ही मुलगी दुसऱ्यांनी बनवलेल्या गोळ्या तपासत होती आणि रिसर्चसाठी जीव टाकत होती, हे मला ठाऊक होतं. माझा आवाज चढला. "का पण? माझ्यासाठी नाही म्हटलं असशील तर मला ते चालणार नाही. मी काय मागतो तुझ्याकडे? सांग ना, काय मागतो?"

"काहीच नाही मागत." ती अजूनही मेथीच निवडत होती. "मागितलं असतं तर भांडले असते. नाही म्हटलं असतं. तुम्ही नुसते थांबता ना पप्पा."

"थांबतो म्हणजे?"

"मला यायला नऊ वाजू देत नाहीतर साडेनऊ, तुम्ही ताट झाकून बसलेले. जेवून घ्या म्हटलं की म्हणणार, मला कुठं भूक लागलीय. शनिवारी ऑफिसचे सगळे कुठं कुठं जातात, आणि मला माहितीये की पाच वाजता तुम्ही चहा ठेवताय. दोन कप. मग मी येते. मी तुम्हाला ब्लेम नाही करत. मला जमत नाहीये, एवढंच."

मी चिडून गॅलरीत जाऊन बसलो. काही न मागण्याचाही जाच होतो, ही कुठली नवीन तऱ्हा, असं मनात म्हणत बसलो. दुपारी मेथीची भाजी झाली, आम्ही दोघं जेवलो. भाजी चांगली झाली होती, पण तसं कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये नेमका तुमचा धडा होता. नेमका म्हणजे काय, दरवर्षी याच सुमाराला येतो. मी फळ्यावर खुर्ची काढली. एका कार्बनवर टर्शरी ब्युटाइल, आणि बरोबर समोरच्या कार्बनवर, रिंगच्या त्याच अंगाला, एक मिथाइल. दोघांना एकाच वेळी बाहेर बसता येत नाही अशी ती जोडी. एक बाहेर असला की दुसऱ्याला उभं राहणं भाग. मी तुमच्यासारखंच म्हटलं की मोठा गट बाहेर ऐसपैस बसतो, कुणाला टोचत नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी आहे, सगळं लिहून घेते आणि मग शंका काढते. तिनं पेन थांबवलं.

"सर, पण मिथाइलला पण बाहेरच आवडतं ना? एकटा असता तर बाहेरच बसला असता."

"हो. बहुतेक वेळ बाहेरच असता."

"मग आता?"

"आता मोठा बसलाय ना तिथं. याला उभं राहावं लागतं. वरच्या दोन हायड्रोजनना घासत."

मागून एकजण म्हणाला, "मतलब सर, बड़े भाईसाब आराम से बैठे हैं और छोटा खड़ा है." वर्ग हसला. त्या मुलीचं समाधान झालं नव्हतं. "पण मग टर्शरी ब्युटाइलला तर काही त्रासच नाही यात," ती म्हणाली.

"त्याला काय त्रास? त्याला कळतही नाही," असं मी म्हणालो, आणि मार्कर हातात धरून तसाच उभा राहिलो. मुलांना वाटलं सर पुढचं विसरले. एकीनं पाणी आणून दिलं.

बाई, तुमच्याकडून मी सगळं बरोबर शिकलो होतो. परीक्षेतही बरोबर लिहिलं होतं. लिंबू बाहेर गेलं की खुर्ची कलंडत नाही एवढं डोळ्यांनी पाहिलं आणि तेच डोक्यात पक्कं बसलं, की बाहेर बसलेला कुणाच्या आड येत नाही. घरी गॅलरीत बाहेर बसून मी स्वतःवर खूश होतो. सगळ्या घराचा आकार माझ्या त्या बसण्यावरून ठरत होता आणि माझी मुलगी समोर उभी होती, घासत. हे दुसऱ्या कुठल्या बापाला झालं असतं तर समजू शकतो. मी हाच धडा शिकवून पोट भरलं हो. त्या दिवशी घरी येताना मला रडू आलं नाही, लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. कारण पुढं काय करायला हवं ते मला दिसत होतं.

तुम्ही सांगायचात की एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत जाताना रिंगला मधे अशा एका आकारातून जावं लागतं की ज्यात कुणालाच सुख नसतं. मी ते करायचं ठरवलं. त्या संध्याकाळी साडेसातला स्वतःला वाढून घेतलं. वरण, भात, फ्लॉवरची भाजी. एकट्यानं जेवताना चावण्याचा आवाज किती येतो. जेवलो, ताट धुतलं, पुसून जागेवर ठेवलं आणि कपडे वाळत घालायला गेलो, म्हणजे कामात दिसेन. ती नऊला आली. टेबलावर एकच ताट झाकलेलं पाहून दारातच थांबली. बॅग खांद्यावर तशीच.

"जेवलात?"

"हो. भूक लागली होती."

"बरं केलंत," ती म्हणाली. मग टीव्ही लावून जेवली आणि भात अर्धा टाकला. मला वाटलं होतं तिला मोकळं वाटेल. चार-पाच दिवस असेच गेले, मग एक दिवस तिनं विचारलं, "पप्पा, माझ्यावर रागावलात का?" मी नाही म्हटलं. हल्ली लवकर भूक लागते म्हटलं. तिनं गुपचूप माझ्या शुगरच्या तपासणीची वेळ घेतली. शुगर नॉर्मल निघाली.

त्यानंतरच्या शनिवारी मी चारलाच घरातून बाहेर पडलो. पाच वाजता आपण घरात नसावं, एवढाच बेत. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. समोर उत्तनची बस आली, तीत बसलो, आणि पालीला, तिकडच्या कोळीवाड्यात, उतरून त्या अरुंद गल्ल्यांतून उगाच हिंडलो. स्कूटर आली की भिंतीला चिकटायचं, गेली की पुढं. बांबूंवर बोंबील वाळत होते. एक कोळीण बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "कोनाकडं आलंय?" कुणाकडं नाही म्हटलं. "मंग बोंबील तरी घ्या," ती म्हणाली. घेतले. अंधार पडेपर्यंत समुद्राकडे तोंड करून बसलो आणि मग परत आलो. दार उघडलं तर मुलगी टेबलाशी बसलेली. पुढं दोन कप. दोन्हीवर साय धरलेली.

"कुठं होतात?"

"पालीला."

"काय आहे पालीला?"

"काही नाही. बोंबील आणले."

ती हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. मी पिशवी हातात धरून उभा. तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता हे मला कळत होतं, पण हाताला वास येत होता, म्हणून आधी हात धुऊन आलो. तोवर तिनं डोळे पुसले होते. मी समोर बसलो आणि तो गार चहा प्यायलो, सायीसकट. मग म्हटलं, "त्या हैदराबादवाल्यांना विचारून बघ. जागा भरली नसेल."

"आणि तुम्ही?"

"मी जाईन पालीला."

जागा भरलेली नव्हती. दिवाळीनंतर ती गेली. बॅगा खाली आणल्या, कॅब आली, तिनं मला गॅस, औषधं, प्लंबरचा नंबर असं सगळं परत एकदा सांगितलं आणि कॅब गेटबाहेर वळली. वर आलो तर समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती भाभी दार उघडून उभ्या. "अंकल, आज खाना मत बनाना, मैं भेजती हूँ." मी म्हटलं, नको, सगळं येतं मला. दार लावून घेतलं आणि त्या दिवशी काहीच केलं नाही. तिच्या खोलीत पंखा चालू राहिला होता, तो बंद केला.

एकटेपणाबद्दल मी तुम्हाला काय सांगू? तो फार मोठा काही नसतो. अर्धा लिंबू उरतो आणि फ्रिजमध्ये वाळून जातो, तसला असतो. वाटीभर वरण करायला अजून जमत नाही, उरतंच. दिवसभर घशाचा वापर नाही, त्यामुळं क्लासमध्ये पहिलं वाक्य घोगरं येतं. तिचा मात्र रोज फोन यायचा, संध्याकाळी. "जेवलात?" "हो." मग तिची लॅब, तिथली माणसं, तिथलं तिखट जेवण. तिला एका मोठ्या रिंगचं काम दिलंय, औषधाच्या रेणूतली, आणि ती रिंग हव्या त्या आकारात राहावी म्हणून तिच्यावर कुठं कुठला मोठा गट बसवायचा हे ती ठरवते. ते ती सांगते तेव्हा तिचा आवाज असा येतो की मी फोन कानाला घट्ट दाबून धरतो. असा आवाज इथं सहा वर्षांत ऐकला नव्हता. मग ते फोन हळूहळू लहान झाले. पाच मिनिटं, दोन मिनिटं, मागं कुणाचं तरी हसणं, "पप्पा, निघतेय, उद्या बोलू."

काल फोन आलाच नाही. आज सकाळी मेसेज होता. "पप्पा काल विसरलेच, सॉरी. आम्ही सगळे बाहेर गेलो होतो, खूप मजा आली." मी अंगठा पाठवला. लगेच पाठवला, म्हणजे आपण फोनची वाट बघत नव्हतो असं वाटावं.

आणि तेव्हापासून मला तुमचा एक रविवार आठवतोय. तुमचा मुलगा अमेरिकेत होता. आमच्यासाठी ती तेव्हा फार मोठी गोष्ट, आम्ही ती बाहेर मिरवायचो, जणू आमचाच भाऊ गेलाय. फोन तुमच्याकडे नव्हता, शेजारी यायचा. त्या दिवशी तुम्ही रिंग पलटवत होतात आणि शेजारच्या काकूंनी दारातून हाक मारली, "अमेरिका!" तुम्ही कणकेच्या हातानंच धावलात. आम्ही ओट्याशी उभे राहून वाट बघत होतो. तुम्ही लगेच परत आलात. इतक्या लवकर की आमच्यातल्या एकानं विचारलं, "लाइन कट झाली का मॅडम?" तुम्ही म्हणालात, "नाही. बरा आहे तो. घाईत होता." मग हातावरची कणिक खरवडून काढलीत आणि विचारलंत, "कुठं होतो आपण?" त्या दिवशी तुम्ही आम्हाला दुपारी जेवायलाच थांबवून घेतलंत. कढी केलीत, खिचडी केलीत, पुन्हा पुन्हा वाढलंत. मी घरी येऊन आईला सांगितलं की बाई किती प्रेमळ आहेत, आमच्यासाठी सबंध रविवार देतात. तुमचा रविवार आम्हाला दिला नसतात तर तुम्ही त्याचं काय केलं असतं, हे एकाही पोराच्या डोक्यात आलं नाही.

तुम्ही असता तर आज आलो असतो. तुम्हाला विचारलं असतं की मुलाला तुम्ही काय सांगून पाठवलंत, आणि तो विसरायला लागला तेव्हा काय केलंत. तुम्ही म्हणाला असतात, मॉडेल करायला बस, नसते प्रश्न विचारू नकोस.

सोसायटीत सगळे विचारतात. मी सांगतो, पोरगी रुळली, मोठं काम करतेय, मला आणखी काय पाहिजे. हे खोटं नाही. तिनं मला विसरून बाहेर हिंडावं म्हणूनच मी ते सगळं केलं. हा कागद कुठल्या टपालपेटीत पडणार नाही, तुमचा पत्ता नाही आणि तिला तर तो मी कधीच दाखवणार नाही, म्हणून तेवढं लिहून टाकतो. बाई, तिनं इतक्या लवकर विसरायला नको होतं.